मागून येणाऱ्याचं काय?

एरवी या पानावर येणारी पत्रं ठरलेली. ॲव्हरेज पडलंय, चेन किती दिवसांनी ताणायची, जुन्या आरएक्सचा कार्ब्युरेटर कोण नीट धुऊन देईल. गेल्या महिन्यात मात्र लागोपाठ अशी पत्रं आली की त्यात गाडीचं दुखणं नव्हतंच, रेसमधल्या माणसांचं होतं. तेव्हा या वेळी ॲव्हरेजवाल्यांनी जरा थांबा. तुमचा प्लग पुढच्या अंकात.

प्रश्न : मेस्त्री, मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. दर 23 ऑक्टोबरला मोबाईलच्या स्टेटसला नुसता 58 आकडा ठेवतो. मोटोजीपी या मोटारसायकलींच्या जागतिक स्पर्धेतल्या मार्को सिमोन्चेल्लीच्या गाडीचा तो नंबर. तो रेसमध्ये गेला तेव्हा मी दुसरीत होतो. त्याची एकही रेस मी त्या वेळी पाहिली नाही, नंतर व्हिडिओ बघून बघून त्याचा झालो. वडील म्हणतात, "आजोबांची तिथी लक्षात नसते, आणि हा इटलीतला तुझा कोण लागतो?" मित्र हसतात. माझं चुकतंय का?
— एक विद्यार्थी, सातारा

उत्तर : आजोबांची तिथी लक्षात ठेव. वडील तेवढं बरोबर बोलले. बाकी काही चुकत नाही तुझं.

तू नंतर पाहिलंस, मी त्याच वेळी पाहिलं. 2011 सालची दिवाळी तोंडावर आलेली, रविवार, गॅरेजचं शटर अर्धं खाली ओढलेलं. कोपऱ्यातल्या जुन्या टीव्हीवर मलेशियातल्या सेपांगची रेस लागली होती आणि कामावरची दोन पोरं चिवड्याचा डबा मांडीवर घेऊन बसली होती. आदल्याच रविवारी हा कुरळ्या केसांचा पोरगा ऑस्ट्रेलियात दुसरा आला होता. आता याचा पहिला मोठा विजय फार लांब नाही, असं आम्ही बोलतच होतो. दुसरी लॅप, अकरावा कॉर्नर.

तिथे काय झालं ते नीट समजून घे, कारण स्टेटस ठेवणाऱ्या बऱ्याच जणांना ते माहीत नसतं. कॉर्नरला टायर सुटला की गाडी आणि माणूस दोघंही साधारणपणे बाहेरच्या बाजूला, खडीत घसरत जातात. लागतं, हाड मोडतं, पण मागून येणाऱ्यांच्या वाटेतून माणूस बाजूला होतो. सिमोन्चेल्लीची गाडी बाहेर गेली नाही. तो तिला धरून राहिला, टायरनं पुन्हा रस्ता पकडला आणि गाडी त्याला घेऊन उलटी आत वळली, ट्रॅक आडवा कापत. मागून कॉलिन एडवर्ड्स आणि व्हॅलेंटिनो रॉसी येत होते. दोघांनाही वेळ मिळाला नाही. हेल्मेट सुटून गडगडत गेलेलं आम्ही पाहिलं. माझ्या पोरानं टीव्ही बंद केला. मी परत लावला, का ते आजही सांगता येत नाही. रेस रद्द झाली. चोवीस वर्षांचा होता तो.

त्यानंतरच्या व्हॅलेन्सियाच्या रेसला त्याच्यासाठी मौन पाळलं नाही. लहान-मोठ्या गाड्यांच्या तिन्ही वर्गांतले रायडर एकत्र एक फेरी मारून आले, पुढे जुना जगज्जेता केव्हिन श्वांझ सिमोन्चेल्लीच्याच गाडीवर, आणि मग सगळ्यांनी मिळून जेवढा करता येईल तेवढा आवाज केला. इंजिनं पिळली, फटाके उडाले. त्याच्या घरच्यांना तेच हवं होतं. कोरियानोला, त्याच्या गावी, त्याच्या नावाचं एक शिल्प आहे, त्यातून दर रविवारी 58 सेकंद ज्वाळा निघते. मिसानोच्या ट्रॅकला त्याचं नाव दिलंय. त्याच्या वडिलांनी त्याच आकड्याच्या नावानं टीम काढली, आणि 2019 मध्ये मुलाच्या नावाच्या त्या ट्रॅकवर त्या टीमचा जपानी पोरगा तात्सुकी सुझुकी मोटो थ्रीची, म्हणजे लहान गाड्यांच्या वर्गाची, रेस जिंकला. तुझ्या वडिलांना हे सांग. मुलाचं नाव चालवणारा बाप त्यांना कळेल.

एक मात्र करू नकोस. "आवडीचं काम करता करता गेला, भाग्यवान" असलं काही आकड्याखाली लिहू नकोस. हे वाक्य वाचलं की माझं डोकं फिरतं. गेलेल्याला भाग्यवान ठरवलं की मागून येणाऱ्याचं काय, हा प्रश्न कुणी विचारतच नाही. एडवर्ड्सचा खांदा निखळला होता, तो बसवता आला. रॉसीचा तर हा धाकट्या भावासारखा दोस्त. त्याच्या आदल्या वर्षी मिसानोला एकोणीस वर्षांचा शोया तोमिझावा पडला, त्याला मागून ज्या दोन गाड्या लागल्या त्यातल्या एकीवर स्कॉट रेडिंग होता. वय किती? सतरा. तोमिझावाचा 48 आकडा लोकांना आठवतो. त्या सतरा वर्षांच्या पोराला त्या रात्री झोप लागली असेल का, असं कुणी स्टेटसला ठेवत नाही.

मला हे सुचतं कारण मीही मागून येणारा होतो. 1994 साली आमच्याच जिल्ह्यात एका माळावर मातीतली रेस होती. मी आरएक्सवर, माझा जोडीदार शोगनवर, माझ्यापुढे दोन गाड्यांचं अंतर. त्या धुळीत पुढचा माणूस दिसत नाही, नुसता आवाज ऐकत जायचं. आवाज बदलला आणि धुळीतून एकदम त्याच्या बुटाचा तळवा समोर आला. नवा बूट होता. तळव्यावर दुकानाची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. ती मला वाचता आली, एवढा मी जवळ होतो. ब्रेक दाबला का, तेही आठवत नाही. माझं पुढचं चाक त्याच्या मांडीवरून गेलं.

तो वाचला. मांडीत सळी घातली, डावा पाय दीड इंच आखूड राहिला. आज बासष्ट वर्षांचा आहे आणि दर रविवारी गॅरेजवर चहाला येतो. पण 23 ऑक्टोबर 2011 ला टीव्हीवर जे दिसलं त्यात मला सिमोन्चेल्ली दिसला नाही, ती चिठ्ठी दिसली.

प्रश्न : स.न.वि.वि. माझा मुलगा या शर्यती बघतो म्हणून मीही अधूनमधून बघतो. 2021 मध्ये इटलीतल्या मुजेल्लोच्या ट्रॅकवर एकोणीस वर्षांचा मुलगा गेला, आणि त्याच दुपारी एक मिनिट उभं राहून लगेच शर्यत सुरू झाली. मी तीस वर्षं अपघाताचे पेशंट बघतो आहे. मृत्यू मला नवा नाही, पण ही घाई नवी आहे. याला खेळ म्हणायचं का?
— एक डॉक्टर, रत्नागिरी

उत्तर : डॉक्टरसाहेब, तुम्ही म्हणता तो जेसन दुपास्किए, स्वित्झर्लंडचा. शनिवारी मोटो थ्रीच्या क्वालिफाइंगला, म्हणजे रेसमधली जागा ठरवणाऱ्या फेरीला, पडला, मागून येणाऱ्या गाडीची धडक बसली, रविवारी फ्लॉरेन्सच्या हॉस्पिटलात गेला. मुख्य रेसच्या आधी मौन पाळलं आणि लाल दिवे विझले, म्हणजे रेस सुटली. क्वार्तारारो जिंकला, त्यानं स्विस झेंडा हातात घेतला. त्याच रेसमधला बान्याया मात्र उघड म्हणाला की आज धावायला नको होतं. म्हणजे तुमच्यासारखं वाटणारे हेल्मेटच्या आतही होते.

मला विचाराल तर थांबायला हवं होतं. थांबता येत नाही हे खोटं आहे. 2020 च्या डाकार रॅलीत आपल्या हिरोच्या गाडीवरचा पोर्तुगीज रायडर पाउलो गोन्साल्वेस सौदीच्या वाळवंटात गेला, तेव्हा दुसऱ्या दिवशीची मोटारसायकलींची धाव रद्द केली. हिरोची टीम तिथूनच परत फिरली. त्या टीममधला दुसरा रायडर त्याचा मेहुणा होता, तो कुठून गाडीवर बसणार? वाळवंटात एवढा पसारा मांडलेला असताना एक दिवस थांबता येतं, तर इटलीतल्या पक्क्या ट्रॅकवर का येत नाही? तिकिटं, टीव्हीची वेळ, पुढच्या आठवड्याचं गाव, कारणं सगळी मला माहीत आहेत. आपल्याकडे शाळेतले गुरुजी गेले तर शाळा सुटते. गणिताचा धडा राहिला म्हणून कुणी ओरडत नाही.

1994 च्या त्या माळावरही रेस कुणी थांबवली नव्हती. दोघांनी जोडीदाराला उचलून कडेला नेईपर्यंत बाकीचे आमच्या शेजारून दोन चकरा मारून गेले. त्यांना राग धरायचा नाही. झेंडा दाखवणारा माणूसच चहाला गेला होता.

तुमच्या पत्रातलं एक मात्र मला मान्य नाही. या लोकांना माणसाच्या जिवाची फिकीर नाही, असा एकूण सूर आहे. तसं नाही. 1973 ला इटलीतल्या मोंझाला पहिल्याच कॉर्नरला सारिनेन आणि पासोलिनी हे दोन रायडर एकाच दिवशी गेले, तेव्हा ट्रॅकला लागून लोखंडी कठडे असायचे. आज तिथे खडी असते, हवेच्या गाद्या असतात. 2003 मध्ये जपानमधल्या सुझुकाला डायजिरो काटो भिंतीवर आदळला, दोन आठवड्यांनी गेला, आणि ग्रांप्री, म्हणजे ही जागतिक स्पर्धा, सुझुकाला परत गेली नाही. 2016 मध्ये बार्सिलोनाला लुईस सालोम सरावात गेला तर त्याच आठवड्यात वळणाची वाट बदलून रेस घेतली. 2018 पासून एअरबॅगचा सूट सक्तीचा आहे. माणूस गाडीवरून उडाला की जमिनीला लागायच्या आत खांद्या-छातीभोवती हवा भरलेली असते. तुमच्या भाषेत सांगायचं तर कॉलरबोनचे पेशंट कमी झाले. पण एअरबॅग, खडी, गाद्या हे सगळं पडणाऱ्यासाठी. मागून दीडशे किलोची गाडी अंगावर आली तर त्यावर अजून कुणाकडे औषध नाही. आजच्या बहुतेक बातम्या तिथूनच येतात.

प्रश्न : रेसपेक्षा पुणे–कोल्हापूर हायवे जास्त डेंजर, हे खरं की नाही? पैज लागली आहे.
— दोन मित्र, कराड

उत्तर : पैज कशाची ते कळवा, मग निकाल देतो. 2022 साली देशात रस्त्यावर 1,68,491 माणसं गेली, त्यात निम्म्याच्या जवळपास दुचाकीवरची. निकी हेडन 2006 चा जगज्जेता, आयुष्यभर तीनशेच्या वेगानं धावला आणि 2017 मध्ये इटलीत साध्या सायकलवर चौकात मोटारीची धडक बसून गेला. पण हा हिशेब रेसच्या बाजूनं वापरू नका. हायवेवर कोट्यवधी माणसं रोज असतात, रेस सुटायच्या रांगेत वीस-पंचवीस. दोघंही हरलात. चहा मला पाठवा.

प्रश्न : मी मँचेस्टरला नोकरीला आहे, मूळची पुण्याची. 2022 मध्ये हेशमहून बोटीनं आइल ऑफ मॅन बेटावर टीटी ही साध्या रस्त्यावरची मोटारसायकल रेस बघायला गेले. एका दगडी भिंतीला टेकून उभी होते, हातभर अंतरावरून गाड्या जात होत्या. असा आनंद मला आयुष्यात झाला नाही. संध्याकाळी पबमध्ये कळलं की बेटाच्या दुसऱ्या टोकाला एक रायडर गेला. ओळखीचे लोक ग्लास हातात धरून गप्प बसले, आणि थोड्या वेळानं उद्याच्या हवामानावर बोलू लागले. मला आनंद झाला त्याच वेळी तिकडे तो जात होता का, हे डोक्यातून जात नाही. पुन्हा जावं की नाही?
— एक वाचक, मँचेस्टर

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी जोडीदाराला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "हिला सांग, जा." मी तेवढ्या पटकन म्हणणार नाही.

वाचकांसाठी थोडं सांगतो. टीटी 1907 पासून आहे. साठ किलोमीटरचा साधा डांबरी रस्ता, घरांच्या पायऱ्यांजवळून, दिव्याच्या खांबांजवळून, डोंगरावरच्या मेंढ्यांच्या कुंपणाजवळून जाणारा. त्यावर पीटर हिकमननं 2023 ला सरासरी ताशी 219 किलोमीटरनं फेरी मारली. सरासरी! 1972 मध्ये पार्लोत्ती नावाचा रायडर तिथे पावसात गेला, तेव्हा त्या काळचा जगज्जेता अगोस्तिनीनं "मी परत येणार नाही" म्हणून सांगितलं. पुढे मोठे रायडर जाईनासे झाले आणि 1976 नंतर जागतिक स्पर्धेतून टीटी बाहेर पडली. तरी ती बंद झाली नाही. तुम्ही गेलात त्या 2022 च्या टीटीनं सहा जण नेले, त्यात साइडकारमधले एक बाप-लेक.

तिथे रायडर दहा-दहा सेकंदांनी एकेक सोडतात. म्हणजे माझ्या डोक्यातला तो मागून येणारा माणूस तिथे बहुतेक वेळा नसतोच. समोर असते भिंत, आणि भिंतीला अपराधी वाटत नाही. खरं सांगतो, माझ्यातल्या एका कोपऱ्याला हे बरं वाटतं आणि ते बरं वाटल्याची लाज वाटते.

रायडरांच्या डनलॉप घराण्याचं तुम्हाला माहीतच असेल. 2008 मध्ये रॉबर्ट डनलॉप उत्तर आयर्लंडमधल्या नॉर्थ वेस्ट 200 या रस्त्यावरच्या रेसच्या सरावात गुरुवारी गेला आणि शनिवारी त्याच रस्त्यावर त्याचा पोरगा मायकल रेस जिंकला. काका जोई 2000 मध्येच एस्टोनियातल्या रेसमध्ये गेला होता. भाऊ विल्यम 2018 ला गेला. मायकल अजून धावतो, आणि टीटीतल्या विजयांत त्यानं काकांना केव्हाच मागे टाकलंय. यावर "काय ती जिगर" म्हणणारे मला भेटतात, "वेडे आहेत" म्हणणारेही भेटतात. आमच्या कोल्हापुरात याला एकच शब्द, नाद. नादाला कौतुकही नसतं नि दोषही नसतो, तो लागलेला असतो.

पबमधल्या लोकांवर रागावू नका. हवामानावर बोलणं हे त्यांचं बाराव्या-तेराव्याचं बोलणं आहे. आपल्याकडे नाही का, मातीहून परत आल्यावर माणसं ओट्यावर बसून ऊस किती गेला, पाणी किती आलं यावर बोलतात?

जायचं असेल तर एक सुचवतो. टीटीचे मार्शल, म्हणजे रस्त्याकडेला झेंडा घेऊन उभे असणारे, पगारी नसतात, हौसेनं आलेले असतात, आणि बाहेरून आलेल्या प्रेक्षकांनाही शिकवून घेतात. पुढच्या वेळी भिंतीला टेकून उभं राहायच्या ऐवजी तिथे नाव द्या. हातात पिवळा झेंडा असला की आनंद थोडा कमी होतो, हे कबूल.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला रेसिंग शिकायला चेन्नईला जायचं आहे. 2023 मध्ये तिथेच बंगळुरूचा तेरा वर्षांचा मुलगा रेसमध्ये गेला, ती बातमी मी कापून ठेवली आहे. मुलाला दाखवली तर म्हणाला, "तो किती चांगला होता माहीत आहे का तुला?" मी काय करू?
— एक आई, नाशिक

उत्तर : ताई, ते कात्रण ठेवा. मुलगा बोलला तेही खरं होतं, तो पोरगा चांगलाच होता. स्टार्टनंतर पहिल्याच कॉर्नरला पडला. त्या दिवशीच्या आणि दुसऱ्या दिवशीच्या रेस तिथे रद्द केल्या, तेवढं आपल्या लोकांनी इटलीवाल्यांपेक्षा बरं केलं.

2021 हे वर्ष पोरांचं वाईट गेलं. स्पेनमध्ये जुलैत चौदा वर्षांचा ह्यूगो मिलान गेला, सप्टेंबरात पंधरा वर्षांचा डीन बेर्ता विन्यालेस. दोघंही पडले आणि मागून आलेल्या गाड्यांनी गेले. मागून येणारीही पोरंच होती. लहान गाड्यांच्या रेसमध्ये सगळ्यांचा वेग जवळजवळ सारखा असतो, पंधरा-वीस जण एका झुंडीत, हँडलला हँडल. मोठ्या गाड्यांपेक्षा ही झुंड मला जास्त भीतीदायक वाटते. त्यानंतर वयाची अट वाढवली, 2023 पासून ग्रांप्रीला काही अपवाद सोडता अठरा पूर्ण लागतात. आपल्याकडे दहीहंडीत चौदा वर्षांखालच्या गोविंदाला थरावर चढवायचं नाही, हे कोर्टात जाऊन ठरावं लागलं. पोरांच्या बाबतीत मोठ्यांना अक्कल उशिरा येते, इकडे नि तिकडेही.

शिकायला पाठवा. रेसला नका पाठवू, निदान दोन वर्षं. शिकणं आणि रेस यात फरक आहे आणि चांगले शिकवणारे तो मानतात. शाळा निवडताना गाड्या कुठल्या, पोडियम किती हे विचारू नका. डॉक्टर ट्रॅकच्या कडेला असतो की फोनवर, ॲम्ब्युलन्स किती आणि ती गेली तर सराव थांबतो का, हे विचारा. "थांबवत नाही" असं उत्तर आलं की त्याच गाडीनं परत या.

आणि मुलगा नाकारल्यावर काय करेल तेही मनात धरा. माझ्या गॅरेजला अशी तीन पोरं येतात. घरच्यांनी ट्रॅक नाकारला म्हणून रात्री अकराला रंकाळ्याच्या रस्त्यावर सराव करतात, अंगात टी-शर्ट, पायात स्लिपर. त्यांच्या आया सुखानं झोपलेल्या असतात.

प्रश्न : हेल्मेट टेबलावरून फरशीवर पडलं. वरून एक चरा आहे, बाकी काही नाही. वापरू की टाकू? महागाचं आहे.
— इचलकरंजी

उत्तर : रिकामं हेल्मेट कमरेच्या उंचीवरून पडलं असेल तर एकदा कंपनीच्या माणसाला दाखवा. डोकं आत असताना पडलं असेल तर टाका, महागाचं असलं तरी. आतला थर्मोकोलसारखा थर एकदाच दबतो, परत फुगत नाही. आणि पट्टा लावता का? नुसतं डोक्यावर ठेवून हिंडणारे निम्मे आहेत. पट्टा लावा, हनुवटीखाली दोन बोटं जेमतेम जातील एवढा घट्ट, मग मागून धरून पुढे ओढून बघा. निघालं तर ते हेल्मेट नव्हे, टोपी.

माझ्या गॅरेजात खिळ्याला एक जुनं लाल हेल्मेट टांगलेलं आहे, डाव्या बाजूला चेपलेलं. "कितीला देणार?" म्हणून गिऱ्हाइकं विचारतात. मी सांगतो, मालक रविवारी चहाला येतो, त्याला विचारा. त्यानं आजवर तीन जणांना तीन वेगळे भाव सांगितलेत.